मध्येच शाळा सुटलेल्यांचं इंग्रजी

इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या जगात बोर्डाच्या निकालाची चर्चा होते, स्पर्धा परीक्षांची होते, परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांची तर फारच होते. सातवीतच ज्याची शाळा सुटली, त्याच्या इंग्रजीबद्दल कुणी बोलत नाही. दोन-तीन वर्षं तो रोज एक तास इंग्रजी शिकला, त्यातलं त्याच्या पदरात काय पडलं? शंभर वर्षांपूर्वी ढाक्यात एका माणसानं हा प्रश्न आपल्या संशोधनाच्या मधोमध आणून ठेवला. त्यांचं नाव मायकेल वेस्ट. हैदराबादच्या सीआयईएफएल या संस्थेचा इंग्रजी अध्यापनाचा अभ्यासक्रम मी नोकरी सांभाळून करत होते, तेव्हा तिथल्या ग्रंथालयात त्यांची पुस्तकं पहिल्यांदा हाती आली. तोवर आमच्या बी.एड.च्या वर्गात कुणी त्यांचं नाव काढलं नव्हतं.

वेस्ट १८८८ सालचे, ऑक्सफर्डमध्ये शिकलेले. १९१२ मध्ये ते इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमध्ये दाखल झाले आणि बंगालात आले. पुढे ढाक्याच्या टीचर्स ट्रेनिंग कॉलेजचे ते प्राचार्य होते. काळ असहकाराचा. मुलं सरकारी शाळा सोडून बाहेर पडत होती. १९२१ मध्ये ढाका विद्यापीठ सुरू झालं होतं. इंग्रजी कशासाठी आणि किती, हा वाद घराघरांत चालू होता.

तसा तो वाद बंगालात जुनाच. प्यारीचरण सरकार यांचं ‘फर्स्ट बुक ऑफ रीडिंग’ १८५० मध्ये निघालं आणि बंगाली मुलांच्या कित्येक पिढ्या त्यावर इंग्रजीची अक्षरं गिरवून मोठ्या झाल्या. रवींद्रनाथांनी १८९२ मध्ये ‘शिक्षार हेरफेर’ हा निबंध राजशाहीत वाचला. त्यांची तक्रार अशी, की मुलाचं बालपण परक्या भाषेच्या घोकंपट्टीत जातं, त्या भाषेतले शब्द आणि त्याच्या आजूबाजूचं जगणं यांची गाठच पडत नाही, आणि या धडपडीत आनंदानं वाचायचं वय निघून जातं. नुसती तक्रार करून ते थांबले नाहीत. शांतिनिकेतनातल्या मुलांसाठी त्यांनी स्वतः इंग्रजीची प्राथमिक पुस्तकं लिहिली. रवींद्रनाथांनी जे अंतःकरणानं ओळखलं, ते वेस्ट यांनी पुढे मोजून दाखवलं, असं मला वाटतं. मोजण्याचंही मोल असतं, कारण सरकारी खात्याला ऐकू येते ती आकड्यांचीच भाषा.

१९२६ मध्ये वेस्ट यांचा द्वैभाषिकतेवरचा, विशेषतः बंगालविषयीचा मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. बंगाली मुलं इंग्रजी कशी वाचतात हे त्यांनी चाचण्या घेऊन तपासलं होतं. शाळांत वाचन म्हणजे एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं आणि मग शब्दाला शब्द ठेवून भाषांतर. मनातल्या मनात, अर्थ धरून वाचण्याची सवय कुणी लावतच नव्हतं.

मग त्यांनी मुलांच्या हातातली वाचनमाला उघडली. इथं त्यांचं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं, म्हणून जरा थांबते. या पुस्तकांत दोन दोष होते. पहिला शब्दांच्या निवडीचा: ‘प्लाइट’, ‘आइल’, ‘काही नाही’ या अर्थाचा ‘नॉट’, ‘आधी’ या अर्थाचा ‘एअर’ असले जुने, काव्यातले शब्द अगदी आरंभीच्या पाठांत घुसलेले. लंडनच्या रस्त्यावर जे कुणी बोलत नव्हतं, ते मैमनसिंगच्या खेड्यातल्या पोरानं पाठ करायचं! दुसरा दोष दाटीचा. एका ओळीत दोन, पुढच्या ओळीत तीन नवे शब्द. मुलगा एका शब्दाशी झुंजतोय तोवर दुसरा पुढ्यात. नवा शब्द एकदा येऊन गेला की पुन्हा भेटेल याचीही खात्री नाही. वेस्ट यांनी हिशेब मांडला, की साधारण पन्नास-साठ ओळखीच्या शब्दांमागे एक नवा शब्द आला तरच मूल वाचत पुढे जातं, आणि आलेला शब्द लगेच पुढच्या मजकुरात पुन्हा पुन्हा भेटला पाहिजे.

हे वाचल्यावर मी पेन्सिल घेऊन शाळेतलं पुस्तक तपासायला बसले. माझ्या वर्गातल्या मुलांना ठाऊक नसतील असे शब्द अधोरेखित करत गेले. काही पानांवर ओळीमागून ओळी काळ्या झाल्या. ज्या धड्याला मुलं कंटाळतात म्हणून मी त्यांनाच रागवायची, त्या धड्याचं पान सर्वांत काळं होतं.

बंगालातली बहुसंख्य मुलं शिक्षण पुरं होण्याआधीच शाळा सोडत होती. अभ्यासक्रम मात्र शेवटपर्यंत टिकणाऱ्या मूठभरांसाठी आखलेला. वेस्ट यांनी इथं विम्याच्या व्यवहारातली कल्पना आणली: सरेंडर व्हॅल्यू. मुदत संपण्याआधी पॉलिसी मोडली तर हातात किती पडतं? फार लवकर मोडली तर काहीच नाही, हे एलआयसीचा कोणताही एजंट सांगेल. इंग्रजीचा अभ्यासक्रमही तसाच होता. पहिली काही वर्षं पाया घालण्यात जायची आणि पायावर भिंत चढायच्या आत मुलगा शेतावर नाही तर दुकानात. वेस्ट यांचं म्हणणं, की अभ्यासक्रमाच्या प्रत्येक टप्प्यावर मुलाला काहीतरी वापरण्याजोगं मिळालंच पाहिजे. अर्धवट आलेलं बोलणं गावात कुणाशी बोलणार? अर्धवट आलेलं लिहिणं तर त्याहून निरुपयोगी. वाचनाचं तसं नाही. हजारभर शब्दांत लिहिलेली गोष्ट वाचता आली, तर शाळा सुटल्यावरही मुलगा एकट्यानं पुढे वाचू शकतो. म्हणून आधी वाचन.

मी शिकवत होते ते बीड जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यात. त्या काळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला निघायची, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. पोरंही जायची. हंगामी वसतिगृह होतं, पण प्रत्येक घरात मागं राहायला आजी-आजोबा असतातच असं नाही. ‘‘बाई, धाकटीला सांभाळायला कुणी नाही, ह्याला न्यावंच लागंल,’’ म्हणून आई दारात उभी राहिली की काय बोलणार? गुढीपाडव्याच्या सुमारास पोरं परत यायची. काही यायचीच नाहीत.

असाच एक सहावीतला मुलगा परतला तेव्हा त्याच्या खिशात कारखान्याच्या वजनकाट्याची पावती होती. वडिलांनी ती वाचून घ्यायला सांगितलं होतं, कारण तोडीचा हिशेब टनावर. पावती इंग्रजीत: ग्रॉस, टेअर, नेट. मुलाला अम्ब्रेलाचं स्पेलिंग तोंडपाठ होतं, एलिफंटचंही. क्रियापदाची तिन्ही रूपं तो न अडखळता म्हणून दाखवायचा. भरलेल्या गाडीचं वजन कोणतं, रिकामीचं कोणतं आणि बापाच्या नावावर लागणार ते कोणतं, हे मात्र त्याला त्या कागदावर सापडेना. शाळेत दिलेल्या तासांची सरेंडर व्हॅल्यू त्या पावतीवर उघडी पडली होती.

वेस्ट यांनी मांडणीवर न थांबता पुस्तकं लिहिली. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांची ‘न्यू मेथड’ वाचनमाला लाँगमन्सनं काढली. शब्द निवडताना त्यांना एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची १९२१ मधली दहा हजार शब्दांची यादी हाताशी होती. लाखो शब्दांचा छापील मजकूर मोजून तयार झालेली. १९३२ मध्ये वेस्ट हिंदुस्थानातून गेले आणि १९३५ मध्ये त्यांचा जे. जी. एंडिकॉट यांच्यासह केलेला कोश आला. त्यात सुमारे २४,००० नोंदींचे अर्थ फक्त १,४९० शब्दांत समजावलेले आहेत. अनाथ म्हणजे काय हे सांगायचं तर आई, वडील, मूल, मेलेले एवढ्यातच भागवायचं. कोशाचा अर्थ कळायला दुसरा कोश लागू नये, यासाठी केवढी शिस्त! १९७८ मध्ये आलेल्या, आज इंग्रजीच्या कित्येक शिक्षकांच्या टेबलावर असणाऱ्या लाँगमनच्या मोठ्या विद्यार्थी-कोशात दोन हजार शब्दांत अर्थ सांगण्याची जी पद्धत आहे, तिचं मूळ इथं आहे.

त्याच सुमारास हॅरल्ड पामर टोकियोत इंग्रजी अध्यापनाची संशोधन-संस्था चालवत होते. ती १९२३ मध्ये स्थापन झाली. पामर यांचा भर तोंडी कामावर: आधी कान, मग जीभ, वाचन नंतर. दोघांचं मत वेगळं असलं तरी शब्द मर्यादित आणि निवडून द्यावेत यावर एकमत होतं. कार्नेगी या देणगीदार संस्थेच्या पैशातून १९३४ मध्ये न्यूयॉर्कला आणि १९३५ मध्ये लंडनला या मंडळींच्या बैठका झाल्या, १९३६ मध्ये अहवाल निघाला आणि त्याच धाग्यावर वेस्ट यांनी संपादित केलेली सुमारे दोन हजार शब्दांची ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ १९५३ मध्ये आली. एकेका शब्दाचा कोणता अर्थ शेकडा किती वेळा येतो, तेही त्यात दिलेलं आहे. आमच्या क्रमिक पुस्तकांच्या मागे जी शब्दांची आणि वाक्यरचनांची यादी असायची, तिचे पूर्वज हेच.

तरीही वेस्ट यांच्याशी माझं पूर्ण जमत नाही. बंगाली मुलाला इंग्रजी मुख्यतः वाचण्यापुरतं हवं, हे ठरवलं कुणी? एका इंग्रज अधिकाऱ्यानं. त्याच वेळी ढाक्या-कलकत्त्याचे वकील, डॉक्टर, पुढारी इंग्रजीत लिहून-बोलून सरकारला जाब विचारत होते. खेड्यातल्या मुलानं ज्ञान वाचून घ्यावं, पण आपलं म्हणणं मांडू नये, असा अर्थ त्यातून निघू शकतो, आणि तो मला मान्य नाही. दुसरं म्हणजे थॉर्नडाइकची मोजणी बायबल, इंग्रजी अभिजात साहित्य, शालेय पुस्तकं अशा मजकुरावर उभी होती. वजनकाट्यावरचं ‘टेअर’ असल्या यादीत वर येणं शक्यच नाही. मात्र नुसत्या वारंवारतेवर यादी करू नये, शब्दाची गरज आणि शिकायची सोय हेही पाहावं, असं वेस्ट यांनीच पुढे धरून ठेवलं. त्यांचाच निकष त्यांच्या यादीपेक्षा पुढे नेला, तर शिरूरच्या मुलाची यादी वेगळी होते.

१९६० मध्ये त्यांनी अवघड परिस्थितीत इंग्रजी शिकवण्यावर एक लहानसं पुस्तक लिहिलं. चाळीस-पन्नास मुलं बाकांवर दाटीनं बसलेली, शिक्षकालाच इंग्रजी जेमतेम येणारं, वर उकाडा. एवढ्या उघडपणे आमच्या वर्गाचं वर्णन करणारं पुस्तक मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यातली एक युक्ती मी निवृत्त होईपर्यंत वापरली. मुलानं ओळीतला तुकडा मनात वाचायचा, मग मान वर करून समोरच्याच्या डोळ्यांत बघत तो बोलायचा. पुस्तकात बघून बोलायचं नाही. मान खाली असेतो डोळे, मान वर आली की तोंड. जोड्या लावल्या की सगळा वर्ग एकाच वेळी कामाला लागतो आणि शब्दांचा तुकडा अर्थासकट क्षणभर डोक्यात धरावाच लागतो. मागच्या बाकावरची गप्प पोरं याच खेळात पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलली.

जून २००० पासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आलं. पालकांना ते हवं होतं आणि त्यांची इच्छा मला समजते. पण चौथीनंतर, सातवीनंतर शाळा सोडणाऱ्याला काय मिळेल, हा हिशेब पुस्तकांच्या मलपृष्ठावर मला कधी दिसला नाही. मी माझ्यापुरता क्रम बदलला होता. दसऱ्याआधीच्या महिन्यांत पाचवी-सहावीला पुस्तकाच्या आधी पावती, बसची पाटी, औषधाचं पाकीट, बँकेची स्लिप असा मजकूर वाचायला द्यायचा आणि त्यातल्या शब्दांवर बेतलेल्या चार-पाच ओळींच्या गोष्टी फळ्यावर लिहायच्या. पाडव्याला परतणाऱ्या मुलांची चाचणीही त्यावरच घ्यायची. तपासणीला आलेल्या साहेबांना मी वेस्ट यांचं पान उघडून दाखवत असे आणि प्रत्येक इयत्तेच्या पुस्तकात अशी दहा पानं असावीत, अशी लेखी सूचना त्यांच्या हातात देत असे.