शिक्षकाच्या आसनावर कोण?

अपंगांस शिकविण्याची विद्या उच्च शिक्षणात आली, तेव्हा तिच्या आरंभीच एक मोठी विसंगती होती. वॉशिंग्टन येथील कर्णबधिरांच्या संस्थेस पदव्या देण्याचा अधिकार १८६४ साली अध्यक्ष लिंकन यांच्या स्वाक्षरीने मिळाला. आजचे गॅलॉडेट विद्यापीठ ते हेच. तेथे हातांच्या खुणांनी शास्त्रे शिकविली जात. पुढे १८८० साली मिलान येथील परिषदेने खुणांपेक्षा मुखोच्चाराची पद्धती श्रेष्ठ ठरविली, आणि खुणांची भाषा जाणणारे कर्णबधिर शिक्षक ठिकठिकाणी मागे पडले.

अशा काळात, १८९१ साली, वॉशिंग्टनच्या या महाविद्यालयात शिक्षक-प्रशिक्षणाचा विभाग निघाला. त्यातून कर्णबधिर शिक्षक निर्माण होतील, या शंकेने अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी विरोध केला होता. विभाग निघाला, परंतु तो ऐकू येणाऱ्या पदवीधरांसाठीच! महाविद्यालयाच्या स्वतःच्या कर्णबधिर पदवीधरांना त्याचे दार बंद राहिले.

कलकत्त्यास राहिलेल्या वाचकांनी सर्क्युलर रोडवरील मूकबधिर विद्यालय पाहिले असेल. १८९३ साली निघालेल्या त्या शाळेच्या संस्थापकांपैकी जामिनीनाथ बॅनर्जी याच अमेरिकन विभागात शिकून आले होते. ही विद्या आपल्याकडे आली, ती अशा वाटांनी.

वॉशिंग्टनला पहिला कर्णबधिर अध्यक्ष लाभावयास १९८८ साल उजाडले, आणि तेही विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणास शिस्त आली. शिस्त हवीच, परंतु ज्यांच्यासाठी ही विद्या, त्यांना शिक्षकाचे आसनही मिळाले पाहिजे, हा त्या इतिहासाचा धडा होय.