कोड आणि कुष्ठ : एकाच शब्दाची दोन घरं

"कोड" म्हटलं की आज निम्म्या लोकांना संगणक आठवतो, काहींना पिनकोड. आजीला कोडकौतुक आठवेल, पण तो शब्द निराळा. आमच्या सिद्धेश्वरला, म्हणजे हिंगोली जिल्ह्यातल्या पूर्णेवरच्या धरणाच्या गावी, या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे आणि तो उच्चारताना माणसं अजूनही आवाज खाली आणतात. अंगावर पांढरे डाग उठतात, ते कोड. "तिला कोड आहे" हे वाक्य मी लहानपणापासून कुजबुजतच ऐकलेलं आहे.

या शब्दाचं मूळ शोधत गेलं की पोचतो आपण थेट "कुष्ठ" या शब्दापाशी. संस्कृतात कुष्ठ, पाली-प्राकृतात कुट्ठ, पुढे कोढ, आणि मराठीत कोड. उत्तरेत हिंदीत तो "कोढ़" झाला. इथपर्यंत सगळं सरळ आहे. गंमत (खरं तर गंमत कसली!) अशी की हिंदीतल्या कोढ़चा अर्थ कुष्ठरोग, आणि मराठीतल्या कोडाचा अर्थ नुसते पांढरे डाग. शब्द एक, आजार दोन, आणि त्या दोन आजारांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही.

हे झालं कसं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

अथर्ववेदात कुष्ठ हे एका औषधी वनस्पतीचं नाव आहे. तापावरचं औषध म्हणून तिची स्तुती आहे. आपण तिला उपलेट म्हणतो. त्याच वेदात अंगावरच्या पांढऱ्या डागांना "किलास" हा वेगळा शब्द आहे आणि ते जावेत म्हणून काळ्या वनस्पतीला केलेली प्रार्थनाही आहे. म्हणजे पांढऱ्या डागांना स्वतःचं नाव होतं.

पुढे आयुर्वेदात कुष्ठ हे त्वचारोगांचं मोठं गाठोडं झालं. चरकसंहितेत कुष्ठाचे 18 प्रकार सांगितले आहेत, 7 महाकुष्ठं आणि 11 क्षुद्रकुष्ठं. या 11 मध्ये कोण कोण आहे पाहा. दद्रू, म्हणजे आपला नायटा-गजकर्ण. पामा, म्हणजे खरजेसारखा आजार. आणि विपादिका, म्हणजे हातापायांच्या भेगा! म्हणजे हिवाळ्यात टाचांना मेण लावत बसणारी प्रत्येक आजी चरकांच्या हिशेबाने कुष्ठातच मोडते. पांढऱ्या डागांना तिथे "श्वित्र" म्हटलंय, आणि त्याची चिकित्सा कुष्ठाच्याच अध्यायात, शेवटी दिलेली आहे. वेगळं नाव, पण घर तेच. मला वाटतं पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं बी इथे आहे. त्यात ग्रंथकारांचा दोष नाही. त्यांना डोळ्यांना दिसेल त्यावरूनच वर्गवारी करायची होती. जंतू दिसायला 1873 साल उजाडावं लागलं. नॉर्वेच्या हॅन्सनने त्या वर्षी कुष्ठरोगाचा जंतू शोधला.

असा घोळ फक्त आपल्याकडेच झाला असंही नाही. ग्रीक "लेप्रा" म्हणजे मुळात खवले सुटणारी त्वचा. हिब्रू धर्मग्रंथातल्या एका शब्दासाठी ग्रीक भाषांतरकारांनी तो वापरला. त्या हिब्रू शब्दात कपड्यांवरचे आणि भिंतींवरचे डागसुद्धा येत होते! पुढे हाच लेप्रा कुष्ठरोगाला चिकटला आणि त्या ग्रंथातली सगळी अशुद्धता त्याच्याबरोबर आली. अरबीत मात्र दोन शब्द स्वच्छ वेगळे राहिले, जुझाम म्हणजे कुष्ठरोग आणि बरस म्हणजे पांढरे डाग.

मराठीनेही आपल्या परीने वाटणी केली. कोड हा शब्द पांढऱ्या डागांना देऊन टाकला आणि कुष्ठरोगाला दुसरे शब्द घेतले. एक "रक्तपिती". आयुर्वेदातलं रक्तपित्त म्हणजे नाकातोंडातून रक्त जाणं, पण बोलीत ते नाव हातापायांच्या जखमा वाहणाऱ्या माणसाला लागलं. दुसरा "महारोग". हा तर आधी एका आजाराचा शब्दच नव्हता. सुश्रुतसंहितेत आठ महागद आहेत, म्हणजे बरे करायला अतिशय कठीण असे आठ रोग. त्यात प्रमेह आहे, मूळव्याध आहे, मुतखडा आहे, आणि कुष्ठही आहे. आठांपैकी सात जणांनी हळूहळू ही पदवी सोडली आणि एकट्या कुष्ठाच्या गळ्यात ती राहिली. मुतखडेवाल्याला कोणी गावाबाहेर काढलं नाही, म्हणून असेल.

महारोगी या शब्दाचा आज आपल्याला त्रास होतो, पण ज्यांनी या माणसांसाठी आयुष्य घातलं त्यांनीही तोच वापरला. मनोहर दिवाणांनी 1936 मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केलं ते महारोगी सेवा मंडळाचं. बाबा आमट्यांची 1949 सालची संस्था म्हणजे महारोगी सेवा समिती. अमरावतीच्या तपोवनाचं मंडळही विदर्भ महारोगी सेवा मंडळच. नावात महारोग आहे म्हणून आनंदवनात कोणाची मान खाली गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पुढे सरकारी कागदांत आणि भिंतींवरच्या जाहिरातींत महारोग जाऊन "कुष्ठरोग" आला, सभ्य आणि शास्त्रीय शब्द म्हणून. म्हणजे कुष्ठ हा शब्द संस्कृतातून पुन्हा, नव्याने, मराठीत आला. त्याचाच घरात वाढलेला भाऊ, कोड, तोवर दुसऱ्याच आजाराच्या नावावर लागलेला होता.

आता आमच्या भागाची अडचण. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सोयरिकी निजामाबाद-हैदराबादपर्यंत आहेत, आणि दखनी घराघरांत समजते. या दखनीत शब्दाच्या शेवटचा हकार बऱ्याचदा गळतो. "हाथ"चा "हात" होतो, तसा कोढ़चा कोड. म्हणजे मराठी कानाला नि दखनी कानाला शब्द अगदी एकच, अर्थ मात्र दोन.

आमच्या एका आत्याचं लग्न यावर मोडलं. घरातल्या मंडळींना ठाऊक आहे, म्हणून तपशील लिहीत नाही. तिच्या मनगटावर आणि ओठाजवळ असे दोन डाग. आजोबा सरळ माणूस, त्यांनी काही लपवलं नाही. "मुलीला थोडं कोड आहे," असं निजामाबादकडच्या पाहुण्यांना स्वतःहून सांगितलं. पाहुण्यांनी चहा तसाच ठेवला. पुढे मध्यस्थाकडून कळलं की त्यांनी ऐकलं ते भलतंच. कोणी समजवायला गेलं नाही, कारण नीट समजल्यावरही ते थांबले असते याची खात्री आमच्या घरातच कोणाला नव्हती. शब्दाची वाटणी झाली होती, पण भीतीची झाली नव्हती.

कायदाही या भीतीतून सुटलेला नव्हता. 1898 चा लेपर्स ॲक्ट रद्द व्हायला 2016 उजाडलं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यात 1955 पासून होतं, ते 2019 मध्ये निघालं. तोवर बहुविध औषधोपचार येऊन साडेतीन दशकांहून जास्त काळ लोटला होता. त्या गोळ्यांनी हा आजार पूर्ण बरा होतो आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णाकडून संसर्ग होणं थांबतं.

म्हणून हे सरळ लिहून ठेवतो, नात्यातली लहान मंडळीही वाचतात. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो, दुधासारखा पांढरा नसतो, आणि तिथली संवेदना कमी झालेली असते. तसं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवायचं, इतकंच. कोडाचा डाग पांढराशुभ्र, पण स्पर्श, टोचणं सगळं कळतं. तिथे रंग तयार करणाऱ्या पेशी नाहीशा झालेल्या असतात. ते कोणाकडून कोणाला लागत नाही.

आता कोडाला "व्हिटिलिगो" म्हणायची रीत पडते आहे. रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात वापरलेला हा शब्द. तो "दोष" या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला असं बरेच जण मानतात! म्हणजे पळून पळून कुठे जाणार? ब्राझीलने 1995 मध्ये कायदा करून सरकारी व्यवहारातून लेप्रा हा शब्दच काढला आणि हॅन्सनच्या नावाचा शब्द घेतला. मला ते पटतं, ज्यांना रोज हाक ऐकावी लागते त्यांना सोपं जात असेल. पण मराठीत महारोगाचा कुष्ठरोग झाला, तरी नवा शब्द थोड्याच वर्षांत जुन्याइतका जड झाला, हेही आपण पाहिलंय.

2006 मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा "नितळ" हा चित्रपट आला होता, कोड असलेल्या मुलीवरचा. आत्याला तो दाखवला. शेवटी ती एवढंच म्हणाली, "यात सगळे मोठ्यानं बोलतात रे."

तेव्हापासून मी कोड हाच शब्द वापरतो, आणि मोठ्यानं. तुमच्या भागात याला काय म्हणतात?