टायरदाब संवेदकांची पुनर्नोंदणी

मोटारीची चाके बदलल्यावर किंवा त्यांची आपसांत अदलाबदल केल्यावर टायरमधील हवेवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेला नवी मांडणी ओळखायला लावण्याची क्रिया. या यंत्रणेला टीपीएमएस म्हणतात, तर या क्रियेला गॅरेजमध्ये ‘रिसेट करणे’ हाच शब्द रूढ आहे. थंड देशांत हिवाळी व उन्हाळी टायरांचे वेगळे संच वापरतात, त्यामुळे तेथे ही वेळ वर्षातून दोनदा येते. मराठवाड्यात कारणे वेगळी असतात. कंधारहून लोह्याला येऊन नांदेड-लातूर महामार्गाला लागणाऱ्या गाडीला पंक्चरनंतर स्टेपनी चढवली, झीज सारखी व्हावी म्हणून आठ-दहा हजार किलोमीटरनंतर पुढची चाके मागे नेली, किंवा लोखंडी डिस्क काढून अलॉय व्हील बसवली, म्हणजे ही क्रिया करावी लागते.

उगम व नियम : १९८६ च्या पोर्शे ९५९ या मोटारीत अशी यंत्रणा प्रथम आली. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवरील फायरस्टोन टायरांच्या अपघातांनंतर अमेरिकेने २००० मध्ये कायदा केला आणि सप्टेंबर २००७ पासून नव्या हलक्या वाहनांना ही यंत्रणा सक्तीची झाली. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ती असते. भारतात जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर काढण्याचा संच असलेल्या, साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींना स्टेपनी ठेवण्यातून त्या दुरुस्तीने सूट मिळाली.

प्रकार : प्रत्यक्ष पद्धतीत प्रत्येक चाकात व्हॉल्व्हला जोडून एक संवेदक बसवलेला असतो. तो दाब व तापमान मोजून रेडिओलहरींवरून गाडीच्या संगणकाला कळवतो. भारतात व युरोपात यासाठी प्रामुख्याने ४३३ मेगाहर्ट्झच्या, तर अमेरिकेत बहुधा ३१५ मेगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. म्हणून परदेशातून आणलेला संवेदक येथे चालेलच असे नाही. प्रत्येक संवेदकाला स्वतंत्र ओळखक्रमांक असतो आणि संगणक फक्त नोंद असलेल्या क्रमांकांचेच संदेश स्वीकारतो. अप्रत्यक्ष पद्धतीत चाकात काहीच नसते. हवा कमी झालेल्या टायरची त्रिज्या किंचित घटते आणि ते चाक इतरांपेक्षा जलद फिरते. ब्रेकच्या एबीएस यंत्रणेतील वेगमापक हा फरक टिपतात.

पद्धत : अप्रत्यक्ष यंत्रणेत आधी चारही टायरांत योग्य हवा भरावी आणि मगच रिसेटचे बटण किंवा पडद्यावरील पर्याय वापरावा. त्या क्षणी जी हवा असेल तीच यंत्रणा योग्य मानते व पुढच्या काही किलोमीटरांत तिच्यावरून मोजमाप बसवते. कमी हवेवर रिसेट केल्यास दिवा विझतो, पण धोका कायम राहतो. प्रत्यक्ष यंत्रणेत तीन रीती आढळतात. काही गाड्या दहा-वीस मिनिटे चालवल्यावर नवे क्रमांक आपोआप शिकतात. काहींत गाडी उभी ठेवून, ठरलेल्या क्रमाने एकेका चाकाजवळ हातातील उपकरण धरून संवेदक जागे करतात. उरलेल्यांत निदान-सॉकेटला स्कॅनर जोडून क्रमांक भरावे लागतात. पहिली रीत कंधारच्या पंक्चरच्या दुकानासमोरही उरकते; स्कॅनरसाठी मात्र कंपनीचे सेवाकेंद्र गाठावे लागते. कोणत्या गाडीला कोणती रीत लागू आहे, ते तिच्या पुस्तिकेत दिलेले असते.

नुसती अदलाबदल केल्यास जुने क्रमांक ओळखीचेच राहतात, पण जागा चुकीच्या दिसू शकतात: हवा मागच्या चाकात कमी असते आणि पडदा पुढचे दाखवतो. व्हॉल्व्हवर टोपीसारखे बसणारे, बाजारात स्वतंत्रपणे मिळणारे संवेदक मात्र चाकांसोबत न जाऊ देता मूळ जागेवर परत लावले, की प्रश्न सुटतो.

दिव्याचा अर्थ : टायरच्या आडव्या छेदात उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा सतत पेटून राहिला, तर हवा कमी आहे. गाडी सुरू केल्यावर तो सुमारे मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर दोष यंत्रणेतच आहे. प्रत्यक्ष यंत्रणेच्या गाडीतही स्टेपनीत बहुधा संवेदक नसतो. ती चढवल्यावर दिसणारा हा दुसरा संकेत रिसेटने जात नाही, मूळ चाक परत बसवल्यावर जातो.

तापमान : हवा थंड टायरमध्ये, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर मोजतात. २५ अंशांना ३३ पाउंड भरलेल्या टायरचा दाब ४२ अंशांना, गाडी न चालवताही, अडीच ते तीन पाउंडांनी वाढतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारी, रस्त्यावर तापलेल्या टायरांत जेमतेम ३३ पाउंड भरून रिसेट केल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेचा निघतो. म्हणून चालकाच्या दाराजवळील तक्त्यात दिलेला दाब सकाळी भरून घेणे उत्तम.

देखभाल : टायर डिस्कवरून सोडवताना यंत्राचा दाब व्हॉल्व्हच्या बाजूला येऊ देत नाहीत, अन्यथा संवेदक तुटतो. ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन घातल्यास गंज चढून ती अडकते. तेथे निकेलचा मुलामा असलेली पिन लागते. पंक्चर रोखणारे द्रव संवेदकाचे छिद्र बुजवू शकते. आतील बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षे टिकते आणि ती बहुधा वेगळी बदलता येत नसल्याने पूर्ण संवेदकच बदलून त्याचा क्रमांक नव्याने नोंदवावा लागतो.