पेडलचा स्वभाव कोण ठरवते?

नवी गाडी घरी आली की पहिले काही दिवस एक तक्रार हमखास ऐकू येते : पाय नुसता टेकवला तरी गाडी उसळते. जुन्या गाडीवर वर्षानुवर्षे हात बसलेल्या माणसाला पार्किंगमधून बाहेर निघताना, रिव्हर्स घेताना किंवा गर्दीत पुढच्या गाडीमागे इंच-इंच सरकताना हा त्रास जास्त होतो. त्यावरचा सल्लाही ठरलेला असतो. पाय हलका ठेवा, सवय होईल. सल्ला खोटा नाही, पण तो सगळा भार चालकाच्या घोट्यावर टाकतो. पेडल आहे तसेच असणार, बदलायचे ते माणसाने, असे त्यात गृहीत धरलेले असते. ॲक्सिलरेटरचा सव्वाशे वर्षांचा इतिहास वेगळे सांगतो. पेडल किती दाबल्यावर इंजिनाने किती जोर द्यायचा, हे प्रत्येक काळात कुठेतरी ठरत आले आहे : आधी यंत्राच्या मर्यादेने, मग दांडे आणि केबल जोडणाऱ्यांच्या हातून, आणि आता कारखान्यातल्या संगणकावर. हा निर्णय चालकापासून दूर जात गेला आणि शेवटी दिसेनासा झाला. नव्या गाडीची सवय करून घेण्यातला आजचा बराचसा त्रास त्या दूर जाण्यातून आला आहे, असे माझे म्हणणे आहे.

कार्ल बेन्झच्या १८८६ च्या तीनचाकीला एक अश्वशक्तीही पुरती न देणारे इंजिन होते. तिथे पायाच्या हळवेपणाचा प्रश्नच नव्हता. १८९० च्या दशकातल्या डाइमलर आणि पानार-लव्हासर गाड्यांची इंजिने ठरावीक वेगाने फिरावीत अशीच बांधलेली असत. फेरे वाढले की गव्हर्नर नावाची यंत्रणा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडू देत नसे, सिलिंडरमध्ये नवे मिश्रण येत नसे आणि इंजिन आपोआप मंदावे. गाडीचा वेग बदलायचा तो गिअरने. या गव्हर्नरला काही क्षण बाजूला सारून इंजिनाला जास्त फिरू देण्यासाठी जी सोय आली, तिथून ॲक्सिलरेटरची कथा सुरू होते. सुरुवातीला ते अपवादाचे साधन होते, रोजच्या चालवण्याचे नव्हे. विल्हेल्म मायबाखने १८९३ च्या सुमारास इंधनाचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर आणला, पुढे हवेची वाट कमी-जास्त उघडणारा व्हॉल्व्ह रुळला, आणि मग इंजिनाचा जोर थोडाथोडा वाढवणे-कमी करणे शक्य झाले.

तरीही तो जोर पायानेच वाढवावा असे काही ठरलेले नव्हते. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी नगांपर्यंत पोहोचलेली फोर्डची मॉडेल टी पाहावी. तिच्या पायाशी तीन पेडले होती आणि त्यांतले एकही रेसचे नव्हते : डावे गिअरचे, मधले रिव्हर्सचे, उजवे ब्रेकचे. रेस द्यायची ती स्टिअरिंगखालच्या उजव्या दांडीने, हाताने. ही दांडी ठेवाल तिथे राहत असे, आणि त्या काळच्या रस्त्यांवर हा मोठाच फायदा होता. पायाच्या पेडलला स्प्रिंग असते आणि पाय गाडीबरोबर हिंदकळतो. खड्डा आला की पाय दाबला जातो, इंजिन जोर देते, गाडीला झटका बसतो, त्या झटक्याने पाय पुन्हा हलतो, आणि गाडी कुथत-धक्के खात चालू लागते. आजही संवेदनशील पेडलवर नवखा चालक पहिल्या गिअरमध्ये जे धक्के खातो, त्यांचे कारण हेच चक्र आहे. असे असूनही लोकांना हात मोकळे हवे होते. मॉडेल टीला पायाचा ॲक्सिलरेटर जोडण्याचे सुटे संच त्या काळीही विकले जात. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर हा आजचा क्रम १९१६ च्या कॅडिलॅकमध्ये दिसतो आणि १९२२ च्या ऑस्टिन सेव्हनसारख्या स्वस्त गाडीमुळे सामान्य माणसापर्यंत पोहोचतो. काही बेंटली आणि आल्फा रोमिओ गाड्यांत मात्र दुसऱ्या महायुद्धापूर्वी रेसचे पेडल मधोमध होते, ब्रेक उजवीकडे. आज आपल्या पायाला जी मांडणी उपजत वाटते, ती आपसूक आलेली नाही, निवडली गेलेली आहे.

पेडल आणि इंजिन यांच्यामध्ये पुढची साठ-सत्तर वर्षे लोखंडी दांडे आणि केबल होती, आणि या काळाकडे जरा थांबून पाहायला हवे. पेट्रोल इंजिनात हवेची वाट एका गोल चकतीने उघडते-मिटते. कमी फेऱ्यांवर इंजिनाला हवा थोडीच लागते, म्हणून चकती थोडी कलली की उपलब्ध जोरातला बराचसा हाती येतो. नंतरचे दाबणे जवळजवळ वाया जाते. म्हणजे सुरुवातीला आक्रमक आणि नंतर सुस्त असणे हा या रचनेचा मूळ कल आहे. तो काबूत ठेवण्यासाठी दांड्यांची लांबी, बिजागरीची जागा आणि केबल गुंडाळणाऱ्या चकतीचा आकार असा ठेवत की पायाच्या पहिल्या हालचालीला व्हॉल्व्ह सावकाश उघडावा. शिवाय केबलचे आवरणाशी घर्षण होते, जोडांमध्ये थोडी ढिलाई होती. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेल्या पद्मिनीच्या टॅक्स्या २०२३ पर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर होत्या. १०८९ सीसीच्या, सुमारे चाळीस अश्वशक्तीच्या त्या इंजिनाला पाय बराच खाली न्यावा लागे, आणि त्या लांब प्रवासातच बारीक नियंत्रणाला जागा मिळे. केबल कोरडी पडली की पेडल जड होई, मेकॅनिक तेल घाली, ताण कमी-जास्त करी, आयडलिंग लावून देई. पेडलचा स्वभाव ठरवणारे स्क्रू बॉनेट उघडले की दिसत आणि पान्याने फिरत. त्या काळाबद्दल हळहळण्याचे कारण नाही. त्या गाड्या धूर सोडत, थंडीत चोक ओढल्याशिवाय सुरू होत नसत, आणि केबल तुटली की रस्त्यातच थांबत. पण पायाखाली काय चालले आहे ते कळण्याजोगे होते.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बीएमडब्ल्यूच्या बारा सिलिंडरच्या ७५० गाडीत हा लोखंडी दुवा तुटला. पेडलखाली सेन्सर आला, इंजिनाशी मोटरने फिरणारी चकती आली, आणि मध्ये संगणक बसला. ही पद्धत पुढच्या दोन दशकांत जवळपास सगळीकडे पसरली. आता पाय इंजिनाला काही करत नाही. पाय मागणी नोंदवतो आणि ती किती मान्य करायची हे प्रोग्राम ठरवतो. पेडल दहा टक्के दाबले तर इंजिनाने दहा टक्के जोर द्यावा, वीस द्यावा की पाच, हा एका तक्त्यातला आकडा झाला. या बदलाचे खोल परिणाम टोयोटाच्या २०१० च्या प्रकरणात दिसतात. केबल गेल्यावर पेडल फारच सैल आणि चंचल झाले असते, म्हणून पुरवठादार सीटीएसने बनवलेल्या पेडलच्या आत मुद्दाम घासणारा भाग बसवला होता. पायाला जुन्या केबलसारखा आधार वाटावा आणि पेडल स्थिर राहावे, हा त्याचा हेतू. झिजेने आणि दमटपणाने तोच भाग काही गाड्यांत अडकू लागला, पेडल परत यायला वेळ लागू लागला, आणि जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेत सुमारे २३ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. दुरुस्ती म्हणून आत पोलादाची लहानशी पट्टी सारण्यात आली. केबलने जे घर्षण फुकट दिले होते, ते कारखान्याला विचार करून, मोजून बनवावे लागले. पेडलचा हळवेपणा आणि स्थैर्य या घडवलेल्या गोष्टी आहेत, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

मग हे घडवणारे कोणत्या बाजूला झुकतात? दोन ओढी परस्परविरुद्ध आहेत. एक प्रदूषणाची. धूर स्वच्छ करणारा उत्प्रेरक नीट चालायचा तर इंधनाच्या एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग हे प्रमाण टिकावे लागते आणि पायाचा प्रत्येक झटका ते बिघडवतो. म्हणून संगणकाला पाय सौम्य करून घ्यायचा असतो. भारतात २००० नंतर कडक होत गेलेल्या आणि एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ पर्यंत आलेल्या नियमांनी कार्ब्युरेटर तर घालवलाच, दुचाकींतूनही घालवला. दुसरी ओढ विक्रीची. टेस्ट ड्राइव्ह चार-पाच किलोमीटरची असते आणि तेवढ्यात गाडीला पिकअप आहे असे वाटवायचे तर पेडलच्या पहिल्या अर्ध्या इंचात भरपूर जोर ओतणे हा सोपा मार्ग आहे. बाजारात पेडल आणि संगणक यांच्यामध्ये जोडायचे छोटे डबे मिळतात. ते इंजिनाची ताकद काडीमात्र वाढवत नाहीत, फक्त पेडलचा इशारा फुगवून पुढे पाठवतात. तरी गाडी जोरदार झाली, असे ग्राहक समाधानाने सांगतात. हे समाधान शोरूमला आधीच ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे.

यावर पहिला आक्षेप असा की नव्या गाडीत ताकदच जास्त आहे, त्यात तक्त्याचा काय दोष? ताकद वाढली आहे हे खरेच. पण त्याच गाडीत इको मोड लावला की तोच पाय, तेच इंजिन आणि तोच रस्ता असताना उसळी नाहीशी होते. ताकद बदलली नाही, वाटप बदलले. विजेच्या गाडीत तर हे उघडच दिसते. पुण्याजवळ रांजणगावला बनणारी आणि जानेवारी २०२० मध्ये आलेली टाटा नेक्सॉन ईव्ही २४५ न्यूटन-मीटर टॉर्क देत होती, आणि विजेच्या मोटरचा हा जोर चाक स्थिर असतानाही हजर असतो. हवा भरणे, टर्बो फिरू लागणे असला कोणताही नैसर्गिक उशीर तिथे नाही. तो जोर क्षणात येऊ द्यायचा की दमादमाने, हे सर्वस्वी प्रोग्रामवर आहे. त्या गाडीतही ड्राइव्ह आणि स्पोर्ट हे दोन वेगळे स्वभाव दिलेले होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : पाय शिकतोच, मग एवढी चर्चा कशाला? पाय शिकतो, हे मान्य. टाच जमिनीवर टेकवून घोट्यातून दाबावे, जाड तळाचे बूट टाळावेत, मोकळ्या मैदानात थोडा वेळ घालवावा, सुरुवातीला सौम्य मोड लावावा. यातल्या प्रत्येक उपायाचा उपयोग होतो. पण पाय एका गाडीला शिकतो आणि माणूस एकच गाडी चालवत नाही. घरात दोन गाड्या असतात, चालक बदलतात, पाहुणे चावी मागतात. आपल्या मोटार स्कूलमधली गाडी बहुधा छोटी, क्लचवाली, शिक्षकापाशी दुसरा ब्रेक असलेली. आणि तिच्यावर मिळालेल्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर तो माणूस दुसऱ्या दिवशी जड ऑटोमॅटिक किंवा विजेची एसयूव्ही कायदेशीर चालवू शकतो. अनोळखी पेडलची किंमत किती असते ते ऑडी ५००० च्या प्रकरणात दिसले. ही गाडी आपोआप सुसाट सुटते असा आरोप १९८६ मध्ये अमेरिकी दूरदर्शनवर झाला आणि खप कोसळला. १९८९ मध्ये तिथल्या वाहतूक सुरक्षा संस्थेच्या अहवालाने बहुतेक प्रकारांचे कारण ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जाणे हे सांगितले. कंपनीचे समर्थक इथे थांबतात. चूक पायाची होती हे सिद्ध झाल्यावरही उपाय मात्र गाडीतच करावा लागला : ब्रेक दाबल्याशिवाय गिअरचा दांडा पार्कमधून हलणार नाही, अशी अडकण त्यानंतर सर्वत्र रूढ झाली. माणसाचा पाय चुकणारच हे धरून चालणारी रचना जास्त जीव वाचवते.

तिसरा आक्षेप अभियंत्यांचा आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. घसरणाऱ्या चाकाचा जोर आपोआप कमी होणे, क्रूझ कंट्रोल, ब्रेक दाबताच ॲक्सिलरेटर निष्प्रभ होणे, हे सारे संगणक मध्ये असल्यामुळे सोपे आणि स्वस्त झाले. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात आणि त्यांचे आकडे जुळले नाहीत तर गाडी स्वतःच जोर कमी करते. केबलला अशी अक्कल नव्हती. म्हणून केबलकडे परत जा, असे म्हणण्यात अर्थ नाही. मागणी एवढीच की जो निर्णय पूर्वी बॉनेटखाली दिसत होता तो आता कागदावर दिसावा. माहितीपत्रकात अश्वशक्ती, टॉर्क, मायलेज छापतात. पेडल पहिल्या पाव प्रवासात किती जोर देते, हेही छापता येईल. गाडी सुरू होताना सर्वांत सौम्य स्वभावात सुरू व्हावी आणि रिव्हर्समध्ये पेडल मवाळ असावे, असा नियम करता येईल. जपानने सप्टेंबर २०२८ पासून नव्या ऑटोमॅटिक गाड्यांना चुकून जोरात दाबलेल्या ॲक्सिलरेटरला आवर घालणारी यंत्रणा सक्तीची ठरवली आहे, पण ती समोर अडथळा असताना पूर्ण दाबलेल्या पेडलपुरती आहे. पेडलच्या पहिल्या अर्ध्या इंचासाठी भारतातही मानक लिहिता येईल, आणि १९६६ पासून पुण्यात वाहनांची चाचणी करणाऱ्या एआरएआयकडे त्यासाठी लागणारी साधने आणि माणसे दोन्ही आहेत.