सतरा अंकांचा घाट

श्रोतेहो, आज एका संख्येची हकीकत सांगायची आहे. ती संख्या अशी : १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नवापर्यंत चढ आणि पुन्हा एकापर्यंत उतार. सतरा अंकांचा जणू घाटच! नऊ वेळा एक लिहा, म्हणजे १११११११११, आणि या संख्येला तिनेच गुणा. हा घाट तयार होतो.

यात जादू काही नाही. पाटीवर गुणाकार मांडला, की त्याच संख्येच्या नऊ ओळी येतात. प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, असे करीत मधल्या घरात बेरीज नऊ होते. हातचा कुठेच येत नाही, म्हणून चढउतार स्वच्छ दिसतो. दहा वेळा एक घेतला, की मध्ये दहा होतात, हातचा येतो आणि घाट मोडतो : १२३४५६७९००९८७६५४३२१.

अशा संख्यांच्या मागे लागले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते बी.एस्सी. झाले आणि १९३० ते १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीस शाळेत मास्तर होते. जी. आय. पी. रेल्वेच्या डोंबिवली स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली; त्या स्थानकाच्या जुन्या नावावरून त्यांनी या संख्यांना 'डेम्लो' म्हटले. आपला घाट हा त्यांतला 'अद्भुत डेम्लो'.

त्यांचा दुसरा शोध १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला गेला. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. मात्र चारही अंक एकच नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि मग तेच तेच येत राहते.

आपल्या नगरच्याच इतिहासावर हे पडताळून बघा ना! १४९० साली मलिक अहमदाने भिंगारजवळ बहामनी फौजेचा पराभव केला. पुढे तेथेच शहर वसले. ९४१० वजा ०१४९ म्हणजे ९२६१, मग ८३५२, मग ६१७४. तीन पावले झाली. नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ते १२९० साल चार पावलांत तेथेच पोचते. नेहरू नगरच्या किल्ल्यात बंदिवान झाले ते १९४२ साल सहा पावलांत, आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाले ते २०२४ साल पुन्हा चार पावलांत.

येथल्या पंडितांनी या कामाला पोरखेळ समजून बाजूला ठेवले. कापरेकरांना आपले बरेचसे लेखन पदरमोड करून छापावे लागले. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले. १९८६ साली ते वारले. आज ६१७४ ला जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. शाळेतल्या मुलाला कळणारी ही गोष्ट; पण ती आधी दिसली, ती एका शाळामास्तरालाच.