‘नांदायला ये’ची नोटीस आली कुठून?

गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला, वही मिटली, की खरं बोलणं सुरू होतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मागे एका ताईने पिशवीतून कागद काढला. चार महिने ती माहेरी होती आणि नवऱ्याने ‘नांदायला ये’ म्हणून दावा लावला होता. ती ख्रिस्ती. हळूच म्हणाली, “बायकोचं शरीर नवऱ्याचं असतं असं शास्त्रातच आहे म्हणतात. मग रात्री नको म्हणणं पाप आहे का?” सगळ्या गप्प. मग एक हिंदू बाई म्हणाली, “आमचं शास्त्र वेगळं गं, पण आम्हाला सांगतात तेच.”

त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आम्ही वाचायला घेतलं.

आधी शास्त्राचं पाहू. पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय उघडा. पत्नीच्या शरीरावर पतीचा अधिकार आहे असं तिथे आहे खरं. पण लगेच पुढे, तसाच पतीच्या शरीरावर पत्नीचा अधिकार आहे असंही आहे. काही काळ दूर राहायचं तर दोघांच्या संमतीने, असंही तो सांगतो. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी, बाईला कोणी विचारत नव्हतं त्या काळात, हे लिहिलं गेलं. अर्धं वाक्य बायांना ऐकवायचं आणि अर्धं गिळायचं, हे पुढच्या लोकांचं काम.

मध्ययुगात युरोपातल्या चर्चने या नात्याला ‘देणं’ म्हटलं. नवरा-बायको एकमेकांचे देणेकरी. आपल्या गटाच्या भाषेत सांगायचं तर कर्जदार दोघेही, पण वसुली बहुतेक एकीकडूनच. इंग्लंडमध्ये लग्नाचे तंटे चर्चच्या न्यायालयात चालत. जोडीदार सोडून गेला तर त्याला परत बोलावण्याचा दावा तिथेच लागे. 1857 साली हे तंटे चर्चकडून सरकारी कोर्टाकडे गेले, पण दावा तसाच राहिला. इंग्रजांनी तो इकडे आणला आणि ख्रिस्ती लोकांसाठीच्या 1869 च्या घटस्फोट कायद्यात लिहून ठेवला.

तो फक्त ख्रिस्ती बायांपुरता राहिला नाही. मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. त्या नांदायला गेल्या नाहीत, म्हणून 1884 मध्ये नवऱ्याने हाच दावा लावला. पहिल्या न्यायाधीशांनी तो फेटाळला. हा दावा इंग्लंडातून आलेला आहे, हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नाही, असं त्यांचं म्हणणं. अपिलानंतर 1887 मध्ये निकाल फिरला. नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. शेवटी 1888 मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. गंमत बघा, असा दावा हरणाऱ्याला तुरुंगात टाकणं इंग्लंडने 1884 मध्येच बंद केलं होतं. दावाच 1970 मध्ये मोडीत काढला. आपल्याकडे तो हिंदू कायद्यातही आहे, ख्रिस्ती कायद्यातही आहे.

त्या 1869 च्या कायद्यात आणखी एक गोष्ट होती, ती वाचून आमचा चहा गार झाला. बायकोचे बाहेर संबंध आहेत एवढं सिद्ध केलं की नवऱ्याला घटस्फोट. बायकोला मात्र तेवढं पुरत नसे. नवऱ्याचे बाहेर संबंध आणि वर क्रूरपणा, किंवा संबंध आणि दोन वर्षं टाकून देणं, अशी जोडी दाखवावी लागे. मारझोड, बळजबरी, कितीही सोसलं तरी नुसत्या तेवढ्यावर सुटका नाही. शिवाय बायकोबरोबर संबंध ठेवणाऱ्या पुरुषाकडून नवरा नुकसानभरपाई मागू शकत असे, जणू शेतात दुसऱ्याचं जनावर शिरलं!

इंग्लंडने हा भेद 1923 मध्ये काढला. आपल्याकडे ख्रिस्ती बायांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. 1995 मध्ये केरळच्या आणि 1997 मध्ये आपल्या मुंबईच्या उच्च न्यायालयाने त्या अटी घटनेविरुद्ध ठरवल्या. 2001 मध्ये संसदेने कायदा बदलला. क्रूरपणा हे एकटं कारण आता पुरतं.

मग त्या ताईच्या नोटिशीचं काय? नोटीस आली तर घाबरून घरात बसू नका, तारखेला हजर राहा, आपलं म्हणणं लेखी द्या. कोर्ट कुणाला दंडाला धरून नवऱ्याच्या घरी सोडत नाही. पण हुकूम होऊन दोन वर्षं पाळला नाही, तर समोरच्याला त्यावर घटस्फोट मागता येतो. बायको अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्याची बळजबरी आजही बलात्काराच्या कलमात बसत नाही. हे आम्हाला पटत नाही, पण आहे. मात्र 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ स्पष्ट लिहिलेला आहे, आणि तो सगळ्या धर्मांच्या बायांना लागू आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते. तालुका विधी सेवा समितीकडून बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

पुढच्या बैठकीला ताई स्वतःचं बायबल घेऊन आली. तो अध्याय तिने मोठ्याने वाचला, दोन्ही वाक्यं. मग वकिलाकडे जायचं म्हणून लवकर उठली, आणि जाताना महिन्याची बचत भरून गेली.