साखरपुडा आणि लग्नाचे फोटो: दोघांनी मिळून आधी काय ठरवायचं?

लग्न ठरलं की फोटोग्राफरची तारीख बुक होते, ॲडव्हान्स दिला जातो आणि विषय तिथेच संपतो. मग अल्बम येतो आणि कळतं की नवरीच्या आजीचा एकही नीट फोटो नाही. असे फोटो बहुतेक वेळा कॅमेऱ्यामुळे नाही, तर आधी न बोलल्यामुळे राहतात. आष्टीतल्या (ता. परतूर, जि. जालना) लग्नाचं उदाहरण घेऊन ही तयारी समजून घेऊ.

१. गावाचं नाव नको, लोकेशन पाठवा

आष्टी नावाची गावं बीड आणि वर्धा जिल्ह्यातही आहेत. बाहेरगावच्या फोटोग्राफरने मॅपवर नुसतं ‘आष्टी’ टाकलं तर तो भलतीकडेच पोहोचू शकतो. मंडपाच्या जागेवर उभं राहून लोकेशन पिन घ्या आणि व्हॉट्सॲपवर पाठवा.

२. दोन घरं, यादी एकच

गूगल डॉक्सवर एक यादी करा आणि दोघांनीही त्यात लिहा.

- प्रत्येक घरातली दहा माणसं, ज्यांचा फोटो हवाच. वयस्कर मंडळी सगळ्यात वर.
- न चुकवायचे क्षण: हळद, अंतरपाट दूर होणं, सप्तपदी, पाठवणी.
- दोन्हीकडचा एकेक भाऊ किंवा बहीण, जे फोटोग्राफरला माणसं ओळखून देतील.

साखरपुड्याला तोच फोटोग्राफर असेल तर त्याचे फोटो दोघांनी बसून पाहा. काय आवडलं नाही ते लग्नाआधीच सांगता येतं.

३. उजेडाचा विचार

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये भर दुपारचा मुहूर्त असतो. डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. मंडपाचं कापड लाल किंवा हिरवं असेल तर तोच रंग चेहऱ्यावर उतरतो आणि नंतर तो पूर्ण काढणं अवघड जातं. स्टेजवर पांढरं किंवा फिकट छत सांगा. दोघांचे खास फोटो सकाळी लवकर किंवा सूर्य मावळण्याआधीच्या तासात घ्या.

मंगलाष्टकांच्या वेळी सगळे फोन वर करून पुढे येतात आणि फोटोग्राफरसमोर भिंत उभी राहते. पहिल्या दोन रांगांना बसूनच अक्षता टाकायला सांगा.

४. प्री-वेडिंग करायचं का?

हे आधी दोघांनी ठरवा, मग घरी बोला. एकाची इच्छा नसेल तर नको. स्वतःच्या शेतात, विहिरीपाशी साध्या कपड्यांतही छान फोटो येतात. दौलताबादसारख्या संरक्षित किल्ल्यावर ट्रायपॉड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

ड्रोन नियम २०२१ नुसार ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन पैसे घेऊन उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र हवं. बुकिंग करतानाच दोन्ही पाहून घ्या.

५. फोटो कोणाचे?

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो. वेगळा करार केला असेल तर मात्र नाही. म्हणून सही करण्याआधी करार वाचा. ‘आमच्या परवानगीशिवाय फोटो किंवा रील टाकायचं नाही’ हे त्यात लिहून घ्या. तोच नियम आपापसातही पाळा: तिला विचारल्याशिवाय तिचा फोटो स्टेटसला नको, त्याला विचारल्याशिवाय त्याचा नको.

६. फोटो घेताना आणि जपताना

- व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लहान होतो. १२ इंच रुंद पानावर चांगल्या छपाईसाठी ३६०० पिक्सेल लागतात, म्हणून ‘डॉक्युमेंट’ पर्यायातून पाठवा.
- पेनड्राइव्ह एफएटी-३२ प्रकारात असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी व्हिडिओ फाइल कॉपी होत नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. आधीचा डेटा मात्र काढून ठेवा, फॉरमॅट केल्यावर सगळं पुसलं जातं.
- गूगलची १५ जीबी मोफत जागा फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह मिळून आहे. पूर्ण लग्न त्यात मावेलच असं नाही.
- तीन प्रती ठेवा: एक हार्ड डिस्कवर सासरी, एक माहेरी, एक क्लाउडवर.
- सगळ्या फाइल उघडून पाहिल्याशिवाय फोटोग्राफरला त्याच्याकडची प्रत पुसू देऊ नका.

लग्नाच्या दिवशी तुम्हाला फोनकडे बघायलाही वेळ नसतो. म्हणून ही यादी आणि करार निदान आठवडाभर आधी पूर्ण करा. आजी-आजोबांचा फोटो मात्र मुहूर्ताची वाट न पाहता सकाळीच काढून घ्या. दुपारच्या उन्हात ते थकतात आणि राहून गेलेला फोटो नंतर कोणत्याही ॲपने मिळत नाही.